भाषेचे सोवळे



दुसऱ्याच्या बोलण्यातील किंवा लिहिण्यातील चूक आपण दाखवावी की नाही, आणि दाखवायची तर कशी, हा प्रश्न वरवर पाहता शाळामास्तरांचा आहे. ज्या पानांवर त्रिसरण, पंचशील आणि धर्मांतर यांची चर्चा होते, तेथे 'न' आणि 'ण' यांचा वाद कशाला, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. परंतु हा प्रश्न व्याकरणाचा कमी आणि शीलाचा अधिक आहे, अशी माझी खात्री झाली आहे. ती कशी झाली ते प्रथम सांगतो. कारण त्यात दोष माझाच आहे.

काही वर्षांपूर्वी वर्षावासात नायगावच्या एका चाळीत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. रोज संध्याकाळी एकेकाने पाळीपाळीने एकेक पान वाचायचे, असा तेथील रिवाज. मी पेशाने शिक्षक, तेव्हा वाचनावर लक्ष ठेवण्याचे काम आपोआपच माझ्याकडे आले होते. एका संध्याकाळी साठी उलटलेल्या एका मावशींची पाळी आली. मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या. १९८२ च्या संपात मालकांची गिरणी गेली, तेव्हापासून त्यांनी चार घरची धुणीभांडी करून मुले वाढवली. अक्षरओळख झाली ती उतारवयात, साक्षरतेच्या वर्गात. ओळीखाली बोट ठेवून त्या सावकाश वाचू लागल्या. 'माणूस' आला की त्या 'मानूस' म्हणत, 'कारण' आले की 'कारन', आणि पुस्तकात 'होता' असले तरी तोंडातून 'व्हता' येई. तीन ओळींत मी त्यांना चार वेळा टोकले. पाचव्या वेळी त्यांनी बोट उचलले, ग्रंथ मिटला, कपाळाला लावला आणि माझ्यापुढे ठेवला. "तुमीच वाचा सर. माजं काय सुद्द न्हाय," असे म्हणून त्या मागे जाऊन बसल्या. दोन पोरे फिदीफिदी हसली. मी ते पान पुढे वाचले. उच्चार अगदी चोख होते.

वर्षावास संपेपर्यंत मावशी रोज येत राहिल्या. परंतु त्यांनी पुन्हा ग्रंथ हाती घेतला नाही. आग्रह केला तर म्हणत, "डोळ्यांनी दिसत न्हाय." डोळे तर त्यांचे ठीक होते.

मी कोण होतो? आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. माझी आईही 'पानी'च म्हणते. बी.ए. होईपर्यंत मी घरी 'पानी'च पीत होतो आणि माझी तहान त्याने भागत होती. मग त्या मावशींच्या तोंडचा 'न' मला एवढा का खुपला? वाचकहो, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे आहे की, मला तो माझ्या जवळचा वाटला म्हणून खुपला. जे आपण मोठ्या कष्टाने अंगावरून झाडून टाकले, ते दुसऱ्याच्या अंगावर दिसले की आपण दचकतो. आपल्यापैकी जे नव्याने शिकले आहेत, त्यांनी आपल्या मनात डोकावून पाहावे. हे त्यांनाही तेथे सापडेल.

आता आपण जो शब्द सहज वापरतो त्याकडे पाहू. भाषा 'शुद्ध' असते आणि 'अशुद्ध' असते, असे आपण म्हणतो. हे शब्द कोठून आले? शुद्ध आणि अशुद्ध, सोवळे आणि ओवळे, ही देवघराची, स्वयंपाकघराची आणि पाणवठ्याची भाषा आहे. ज्या मोजपट्टीने आपल्या आजा-पणजांची सावली मोजली गेली, तीच मोजपट्टी आपण जिभेला लावतो. गणित चुकले तर मुलाचे गणित 'चुकले' म्हणतात, 'अशुद्ध' झाले म्हणत नाहीत. मग उच्चार वेगळा झाला की माणूस अशुद्ध कसा होतो? पाण्याचे सोवळे गेले, पंक्तीचे सोवळे बऱ्याच अंशी गेले. परंतु भाषेचे सोवळे मात्र आपण शाळेतून शिकून घरी आणले, आणि दीक्षा घेतल्यावरही ते सोडायचे राहून गेले.

हा प्रश्न नवा नाही. तो खुद्द तथागतांच्या पुढे आला होता. विनयपिटकातील चुल्लवग्गात ही हकीकत आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेले, गोड वाणीचे दोन सख्खे भाऊ संघात भिक्खू झाले होते. ते तथागतांकडे तक्रार घेऊन गेले. तक्रार अशी की, संघात नाना नावांचे, नाना गोत्रांचे, नाना जातींचे आणि नाना कुळांचे लोक आले आहेत, आणि ते आपापल्या बोलीत बोलून बुद्धवचन बिघडवीत आहेत. तेव्हा आम्ही ते छंदस् भाषेत, म्हणजे वेदांच्या वळणाच्या भाषेत, बांधून ठेवतो. तक्रारीचे शब्द नीट पाहा. भाषेची तक्रार करताना प्रथम नाव, गोत्र, जात आणि कूळ मोजले गेले! तथागतांनी त्या दोघांची कानउघाडणी केली. अशाने ज्यांची श्रद्धा नाही त्यांची श्रद्धा बसणार नाही, असे सांगितले. छंदस् भाषेत बुद्धवचन बांधणे हा दोष ठरवला आणि आपापल्या बोलीत ते शिकण्याची मोकळीक दिली. पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोष यांनी येथे 'आपली भाषा' म्हणजे बुद्धांची मागधी, असा अर्थ लावला आहे, हे खरे. परंतु तक्रार काय होती ते ध्यानात घेतले, तर ज्याने त्याने आपापल्या बोलीत शिकावे हाच अर्थ सरळ दिसतो, आणि पुष्कळ अभ्यासकही तोच घेतात.

मज्झिम निकायातील अरणविभंग सुत्तात याहून घरगुती उदाहरण आहे. एकाच भांड्याला एका जनपदात 'पाती' म्हणतात, दुसऱ्यात 'पत्त', तिसऱ्यात 'सराव'. माझ्याच मुलखातला शब्द खरा आणि बाकीचे फोल, असा हट्ट धरू नये, असे तथागत सांगतात. आपल्या परळ-लालबागच्या चाळींत याचा अनुभव रोज येतो. एकाच मजल्यावर कुणाच्या घरी कालवण शिजते, कुणाच्या घरी कोरड्यास, तर कुणाच्या घरी आमटी. ताटात आले की भाकरीशी त्याचे सारखेच जमते.

किन्ति सुत्तात तर तथागतांनी भिक्खूंना वादाची पायरीच आखून दिली आहे. दोघांचा अर्थ जुळत असेल आणि केवळ शब्दरचनेत फरक असेल, तर ती क्षुल्लक बाब समजावी आणि तेवढ्यासाठी भांडू नये. मावशी 'मानूस' म्हणाल्या तेव्हा तेथे बसलेल्या एकाही माणसाला अर्थ कळला नाही असे झाले काय? मग मी कोणाच्या हितासाठी थांबवले?

आता त्या 'चुकां'चीही जरा तपासणी करू. 'माणूस' याचे संस्कृत मूळ 'मनुष्य', पालीत 'मनुस्स'. दोन्हींत 'न' आहे. 'पाणी' याचे मूळ 'पानीय'. संस्कृतात 'न', पालीतही 'न'. हिंदी भाषकाने 'पानी' म्हटले तर आपल्याला हसू येत नाही. मग तेच घरकाम करणारी बाई म्हणाली तर का येते? याचा अर्थ मराठीत 'पाणी' लिहू नये असा नव्हे. 'कारण' या शब्दात तर मुळातच 'ण' आहे, तेथे मावशींचा 'न' मुळाला धरून नव्हता. सांगायचे एवढेच की, 'न' हा काही जिभेचा विकार नाही.

वंदनेचेच पाहा. आपल्यातील शिकलेले तरुण म्हाताऱ्या माणसांना 'सरन नव्हे, शरण म्हणा' असे बजावतात. परंतु पालीत 'श' हा वर्णच नाही. तेथे एकच 'स' आहे, आणि शब्द 'सरण' असा आहे. म्हणजे म्हातारीचा 'स' बरोबर आणि 'न' चुकलेला. तरुणाचा 'ण' बरोबर आणि 'श' चुकलेला. दोघांची चूक एकेका अक्षराची. फरक एवढाच, की म्हातारीने कुणाला थांबवले नव्हते.

आणि 'धम्म' हा शब्द तरी कोणता? संस्कृताच्या अभिमान्यांच्या दृष्टीने तो 'धर्म' शब्दाचा बिघाड. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातील व्याकरणकार पतंजली याने आपल्या महाभाष्यात 'गौः' हा एकच शब्द साधू मानला आणि 'गावी', 'गोणी' वगैरे लोकांच्या तोंडचे शब्द अपभ्रंश म्हणून बाजूला काढले. त्यांतला 'गावी' हा शब्द पाली वाङ्मयात गायीसाठी सरळ येतो, आणि आपण आज 'गाय' म्हणतो. ज्यांना भ्रष्ट म्हटले गेले त्याच बोलींतून पुढे आपल्या भाषा आल्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केला, त्याच दिवशी पाली आणि प्राकृत यांनाही तो मिळाला. काल जे अपभ्रष्ट होते ते आज अभिजात ठरले! तथागतांना हा दर्जा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. समोरच्याला समजावे एवढेच त्यांनी पाहिले.

कुणी म्हणेल, नियम हे नियमच असतात. तर नियमांचाही इतिहास पाहावा. आज शाळेत शिकवतात त्या मराठी लेखनाच्या नियमांपैकी १४ नियम मराठी साहित्य महामंडळाने केले आणि १९६२ साली महाराष्ट्र शासनाने ते मान्य केले. १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडून ते १८ झाले. त्याआधी 'नांव', 'कांहीं', 'पांच' असे अनुस्वार देऊन लिहिणे बरोबर होते. या नियमांनंतर तेच चूक ठरले. बाबासाहेबांचा १९२० चा 'मूकनायक' आणि १९२७ चा 'बहिष्कृत भारत' जुन्या वळणाने छापलेले आहेत. आजच्या परीक्षकाने लाल शाई घेतली तर एकही पान कोरे राहणार नाही. म्हणून काय ते लेखन अशुद्ध झाले? जो नियम एका ठरावाने बदलतो, तो सोयीचा करार आहे. करार पाळावा, परंतु त्यावरून माणसाची प्रत ठरवू नये. म्हणूनच 'शुद्धलेखन' म्हणण्याऐवजी 'प्रमाणलेखन' म्हणावे, असे अलीकडे पुष्कळ जण सुचवतात. मी वर्गात तोच शब्द वापरतो.

व्याकरणाचा उपयोग तोंड बंद करण्यासाठी कसा होतो, हे आपल्या चळवळीला चांगले ठाऊक आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि त्याच वर्षी सत्यशोधक समाज स्थापन केला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी आपल्या 'निबंधमाले'त त्यांच्यावर टीका केली, आणि त्या टीकेत जोतीरावांच्या मराठी व्याकरणाची यथेच्छ थट्टा होती. शूद्रातिशूद्रांच्या हालांबद्दलचा प्रश्न उभा होता, आणि चर्चा विभक्ती-प्रत्ययांची चालली होती. आज दीडशे वर्षांनी ती थट्टा अभ्यासकांपुरती उरली आहे. 'गुलामगिरी' मात्र घरोघरी वाचली जाते. बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्यासोबत ज्यांना गुरू मानले, ते हेच जोतीराव. शाळेचा उंबरठा जेमतेम ओलांडलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी १९५८ साली मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन केले आणि १९५९ साली 'फकिरा' दिली. त्यांना कोणी तिसऱ्या ओळीत थांबवले असते, तर नुकसान कोणाचे झाले असते?

येथवर वाचून कुणाची अशी समजूत होईल की, आता कसेही लिहावे, कसेही बोलावे, कोणी काही म्हणू नये. तसे मी म्हणत नाही. म्हणालो तर मास्तरकीचा राजीनामाच द्यावा लागेल. अंगुत्तर निकायात तथागतांनीच सांगितले आहे की, शब्द आणि अक्षरे चुकीची बसवली आणि अर्थ भलतीकडे नेला, तर सद्धम्माचा ऱ्हास होतो. अरणविभंग सुत्तातही, आपल्या मुलखाच्या शब्दाचा हट्ट धरू नये याच्या जोडीला, सर्वसामान्य संकेत झुगारू नये असेही म्हटले आहे. हाच मध्यम मार्ग आहे.

बाबासाहेबांचे उदाहरण तर डोळ्यांपुढे असावे. विद्यार्थिदशेत अस्पृश्य म्हणून त्यांना संस्कृत शिकू दिले नाही आणि पर्शियन घ्यावे लागले. त्यांनी भाषेचा नाद सोडला नाही. पुढे संस्कृत स्वतः शिकले आणि पालीचा शब्दकोश व व्याकरण तयार करण्यासाठी खपले. हे काम त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. महाराष्ट्र शासनाने १९९८ साली त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या सोळाव्या खंडात ते प्रसिद्ध केले. ज्या माणसाने एकेका शब्दासाठी रात्री जागवल्या, त्याच्या अनुयायांनी बेफिकीर लिहावे हे शोभत नाही.

म्हणून चूक दाखवावी, परंतु प्रसंग ओळखून. उत्सवाच्या फलकावर 'धम्मचक्र प्रवर्तन दीन' असे रंगवलेले मी पाहिले आहे. 'दिन' म्हणजे दिवस, 'दीन' म्हणजे केविलवाणा. ज्या दिवशी आपण दैन्य टाकले त्याच दिवसाला दीन म्हणणे बरे नव्हे! येथे अर्थच उलटतो. फलक बदललाच पाहिजे. विहारावर 'बौध्द' असे लिहिलेले दिसते. त्यात 'द' अर्धा आणि 'ध' पूर्ण हवा, म्हणजे 'बौद्ध'. हे रंगाऱ्याला आधी कागदावर लिहून द्यावे, म्हणजे नंतर कोणाचा पाणउतारा करण्याची वेळ येत नाही. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर नावाचे एक अक्षर चुकले, तर पुढे दाखला, आधार कार्ड आणि जातीचे प्रमाणपत्र यांचा मेळ बसवताना आईबापांची पायपीट होते. तेथे तर तिथल्या तिथे, खिडकीपाशी उभे राहून, चूक दुरुस्त करून घ्यावी. अभय राजकुमाराला तथागतांनी विचारले होते की, तान्ह्या मुलाने तोंडात खडा घातला तर तू काय करशील? रक्त आले तरी काढीन, कारण त्याच्याविषयी मला कणव आहे, असे तो म्हणाला. जेथे खडा आहे तेथे बोट घालावेच लागते. मावशींच्या तोंडात मात्र खडा नव्हता.

खडा कोणता आणि नुसता वेगळा उच्चार कोणता, हे कसे ओळखावे? यासाठीही विनयात वाट दाखवली आहे. दुसऱ्याला दोष दाखवणाऱ्याने आधी पाच गोष्टी स्वतःशी तपासाव्यात, असा तेथे दंडक आहे. मी त्या आपल्या विषयाला लावून सांगतो. पहिली, ही वेळ योग्य आहे काय? चारचौघांत, पान अर्धे वाचून झालेले असताना, ती वेळ नसते. दुसरी, मी सांगतो ते खरे आहे काय? 'शरण' सांगणाऱ्या तरुणाप्रमाणे माझीच चूक नाही ना? तिसरी, माझा शब्द मृदू आहे काय? चौथी, यात ऐकणाऱ्याचे काही हित आहे काय, की केवळ माझे शिक्षण दिसणार आहे? आणि पाचवी, माझ्या चित्तात मैत्री आहे काय, की द्वेष वा तुच्छता? त्या संध्याकाळी मी सत्याच्या परीक्षेत कसाबसा उत्तीर्ण झालो असतो. बाकीच्या चारांत नापास.

आपण धम्मात नव्याने आला आहात. आपल्या घरी एका पिढीत मोठे अंतर पडले असेल. मुलगी महाविद्यालयात आहे आणि आजी अंगठा देते, असे पुष्कळ घरांत आहे. अशा घरात मुलांनी थोरांना पाहुण्यांसमोर टोकू नये. नवऱ्याने बायकोला सभेत दुरुस्त करू नये. घरी येऊन, तिने विचारले तर सांगावे. शाळकरी मुलांना प्रमाणलेखन कसून शिकवावे; मुलाखतीत आणि अर्जात ते लागते, आणि त्यावाचून आपल्या मुलांना मागे सारणारे आजही आहेत. परंतु शिकवताना असे सांगावे की, 'ही आणखी एक भाषा आहे, ती कमवायची आहे.' 'तुझ्या आईची भाषा घाणेरडी आहे' असे मूल ज्या दिवशी शिकते, त्या दिवशी ते आईला लाजायला शिकते. एवढी किंमत देऊन मिळवलेला 'ण' आपल्याला नको आहे.

विहारात वाचन करणाऱ्यांसाठी आम्ही आता साधी पद्धत ठेवली आहे. वाचणाऱ्याला पान पुरे होईपर्यंत कोणी थांबवायचे नाही. पान संपले की त्याचा अर्थ ज्याने त्याने आपल्या बोलीत सांगायचा. शब्दांविषयी कोणाला विचारायचे असेल, तर सभा सुटल्यावर मी दाराशी थांबतो. बरेच जण थांबतात. पूर्वी मी टोकत होतो तेव्हा कोणी थांबत नसे.

त्या मावशी पुढे गावी राहायला गेल्या. त्यांचे वाचन पुन्हा ऐकण्याचा योग आला नाही, आणि माझी चूक मला त्यांच्यासमोर कबूल करता आली नाही. म्हणून ती येथे, आपल्या सर्वांसमोर करतो.

येत्या वर्षावासात आपल्या घरातील एखादी आजी, एखादे काका ओळीखाली बोट ठेवून धम्मग्रंथ वाचू लागतील. त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांत ग्रंथाला हात लावणारे ते पहिलेच असतील. बंधूंनो, भगिनींनो, ते काय वाचतात ते ऐका. त्यांचे पान पुरे होऊ द्या.

जय भीम. नमो बुद्धाय.